छबूबाईच्या दंडावरची गांध

दीड वर्षाच्या ज्योतीरामाला म्हशीचं दूध पाजलं की त्याचे ओठ सुजायचे, अंगभर गांधी उठायच्या आणि छाती भात्यासारखी वाजायची. एकदा तर पोर निळं पडलं. चिखलीत निदान झटक्यात झालं: दृष्ट. कोणाची, तेही ठरलं. ज्योतीरामाची आजी छबूबाई, तिच्या गोठ्याला लागून एका खोपटात सोजरा राहायची. विधवा, मूलबाळ नाही, गोठ्यातली शेणघाण काढून पोट भरणारी. एवढं पुरे झालं. अमावस्येच्या आत खोपट मोकळं कर, असं छबूबाईने बजावलं. सोजराला जायला जागा म्हणजे माण गावचा भाऊ, आणि भावजय तिला दारात उभी करत नव्हती.

ज्योतीरामाची आई शालन पोराला घेऊन पिंपरीला गेली. सासूही सोबत होतीच. तिथे नवा कारखाना झाल्यापासून डॉक्टर आपट्यांनी दवाखाना थाटला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दूध बंद करायला सांगितलं.

"माज्या म्हशीच्या दुधात खोट काढता व्हय?" छबूबाई कडाडली.

आपटे तरुण होते, म्हणून समजावत बसले. "खोट दुधात नाही, आजी. दूध पचतं, पण त्यातलं थोडं प्रथिन न पचता आतड्यातून तसंच रक्तात उतरतं. आपल्या रक्ताला त्याचं काही वाटत नाही. ह्याच्या रक्ताला ते वैरी वाटतं."

"दूध रगतात जातं, तर रगत पांढरं कसं न्हाई?"

प्रश्न काही वेडा नव्हता. आपट्यांनी मग दाखवूनच द्यायचं ठरवलं. पोराच्या रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं करून धडधाकट माणसाच्या दंडात टोचायचं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने दूध प्यायचं. दूध जाणार पोटात, आणि फुगणार दंड.

"माजाच दंड घ्या," छबूबाई म्हणाली. म्हशीच्या अब्रूचा प्रश्न होता.

टोचून झालं. दुसऱ्या दिवशी आपटे सायकलवरून चिखलीला आले. ओट्यावर उपाशीपोटी छबूबाई, समोर सगळी आळी. सोजराची हकीकत शालनने त्यांच्या कानावर घातली होती. बिचारीचं निर्दोषपण तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून आपट्यांनी तिला मुद्दाम बोलावून छबूबाईच्या पुढ्यात बसवलं. डॉक्टरकीच्या परीक्षेत गावाचा पेपर नसतो, हेच खरं.

छबूबाई तांब्याभर दूध प्यायली. बराच वेळ काही झालं नाही आणि ती खुशीत आली. मग दंड खाजवू लागली. टोचलेल्या जागी लाल चट्टा आला, आणि बघता बघता रुपयाएवढी गांध वर आली.

"पाहा!" आपटे उभेच राहिले. "पोटातून रक्तात, रक्तातून इथे!"

दंडाकडे कोणी पाहत नव्हतं. सगळे सोजराकडे पाहत होते.

"म्होरंच बसलीया की," कोणीतरी म्हणालं.

आपट्यांनी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. उपयोग शून्य. आणि छबूबाई काही मूर्ख नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने सोजराला रानात पिटाळलं, दार लावून घेतलं आणि पुन्हा तांब्याभर दूध प्यायली. दंड शांत. गांध नाही, खाजही नाही. आपट्यांना याचं कारण ठाऊक होतं. टोचलेलं पाणी एकदाच झुंजतं आणि संपतं, ती जागा पुन्हा फुगत नाही. पण पुन्हा करून दाखवायचं तर पोराचं रक्त पुन्हा हवं, आणि ते द्यायला आता कोणी तयार नव्हतं. छबूबाईने अगदी डॉक्टरसारखाच प्रयोग केला होता. मला संताप येतो तो याचाच.

आता अमावस्येचीही वाट नाही, आजच निघ, असं तिने फर्मावलं. सोजरा बोचकं बांधत होती तेव्हा शालन खोपटात आली.

"मावशी, दुधानंच व्हतंय. मला पटलंय. आजपासनं मी त्याला दूध न्हाई पाजायची. आत्याबाईंच्या नकळत कुत्र्याला घालीन."

सोजराचे हात थांबले. "म्हंजी पोर बरं व्हनार."

"व्हय."

"मंग चार दिस ऱ्हाऊ दे की मला. मी हितं आसताना बरं हुंदे."

शालनला ते इतकं सरळ कळलं की तिला रडू फुटलं. पण सासूला थांबवायचं तर दूध बंद केल्याचं सांगावं लागणार, आणि सांगितलं की सासू स्वतः वाटी घेऊन बसणार. पोराचं निळं तोंड तिने पाहिलं होतं. तिला भीती वाटली, आणि ती घरात निघून गेली.

सोजरा त्याच दुपारी माणच्या वाटेला लागली. आठवड्याभरात ज्योतीराम अंगणात धावू लागला. छबूबाई येईल त्याला सांगायची, "ती गेली, आन् बगा, लेकरू वाटी वाटी दूध पचवतंय."

येणारा खात्री करून घ्यायला शालनकडे बघायचा.

"व्हय," शालन म्हणायची.