एक घर सोडून

मी एक पेटी बोलतेय. उंचीला हातभर, समोर एक दार, वर धरायला पितळी कडी. माझ्या पोटात मरियामातेची मूर्ती असते, निळ्या झग्यातली, हात जोडलेली. लोक माझ्यासमोर गुडघे टेकतात, फुलं ठेवतात, डोळे पुसतात. ते सगळं तिच्यासाठी असतं, हे मला ठाऊक आहे. मी डोक्यात हवा जाऊ दिलेली नाही. पण दार उघडायच्या आधी क्षणभर सगळ्यांची नजर माझ्यावरच असते, तेवढा मान मी घेते.

वर्षातला एक महिना मी चर्चमधून निघते आणि आमच्या गल्लीत घरोघर फिरते. एका घरी एका रात्रीचा मुक्काम. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, हातात माळ घेऊन रोझरी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचं माणूस मला उचलून पुढच्या घरी नेतं. रीत अशी की मला उंबऱ्यावर ठेवून पळायचं नाही. या हातातून त्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "माउली तुमच्या घरी आली." घेणाऱ्यानं म्हणायचं, "येऊ दे."

पाहुणी म्हणून फिरताना माणसं फार जवळून दिसतात. मी येणार म्हटलं की घर लखलखीत होतं आणि घरातला सगळा पसारा पलंगाखाली जातो. मला ठेवतात ती जागा बुटकी, त्यामुळे पलंगाखालचं सगळं मला दिसतं. पोस्टमास्तरांची प्रार्थना धावतपळत असते, कारण आत जेवण गार होत असतं. पाववाल्या काकू पहाटे भट्टीपाशी उभ्या राहून दमलेल्या असतात, माळेच्या मध्यावरच त्यांना डुलकी लागते, पण 'आमेन' एकदाही चुकत नाही. मला या सगळ्यांचं हसू येतं आणि मायाही वाटते.

मला घडवलं ते आमच्याच गल्लीतल्या सुतारानं. जुन्या पेटीला वाळवी लागली तेव्हा फादरांनी त्याला चर्चचा एक मोडका बाक दिला आणि म्हणाले, "यातून काही जमतंय का बघ." म्हणजे मी आधी बाक होते; लोकांचं वजन सोसायची मला जुनी सवय. त्यानं मला कापलं, रंधलं, जोडलं, आणि शेवटी माझ्या प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवून पाहिला, कुणाच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. तो अंगठा मी विसरलेले नाही. हवा दमट झाली की माझं दार फुगून अडतं, तेही त्यालाच माहीत. खालच्या डाव्या कोपऱ्यावर थाप मारून दार जरा वर उचललं की उघडतं.

सुताराच्या भिंतीला भिंत लावून त्याच्या थोरल्या बहिणीचं घर. ती कपडे शिवते, गल्ली तिला शिवणताई म्हणते. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला लहानाचा मोठा केला. तो आज दारातून वाकून आत येतो एवढा आडदांड झालाय, तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. म्हणजे, बोलत होती तेव्हा.

झालं काय, तर त्याचं लग्न ठरलं आणि शिवणताईनं नव्या नवरीसाठी पांढऱ्या साटिनचा झगा शिवला. टाका दिसेल तर शपथ. पण लग्नाच्या दिवशी नवरी दुकानातला झगा घालून आली. कुणीतरी विचारलं, "ताईनं नाही का शिवला?" आणि हा शहाणा सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "ताईचा हात आता थरथरतो हो." शिवणताई तिथल्या तिथे म्हणाली, "आजपासून मला भाऊ नाही." आणि चालती झाली.

तेव्हापासून माझ्या फेरीत एक घर गळायला लागलं. शिवणताईनंतर सुताराचं घर. ती मला उचलायची, त्याच्या दारावरून पुढे न्यायची आणि पाववाल्या काकूंच्या हातात द्यायची. "पुढचं घर बंद दिसतंय," असं मोठ्यानं म्हणायची. आत रंधा खरखर चाललेला असायचा. गल्लीतले सगळे तो रंधा ऐकायचे आणि मान डोलवून "हो, बंद दिसतंय" म्हणायचे. सुतारही कधी बाहेर आला नाही. हट्टात दोघं एकाच आईची लेकरं. आणि ज्यानं मला घडवलं त्याच्या घराचा उंबरा मी कित्येक वर्षं ओलांडला नाही. मला वाईट वाटायचं, का नाही वाटणार?

शिवणताईची आणखी एक गंमत होती. 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणताना, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो ही ओळ आली की तिला हमखास खोकला यायचा. ओळ संपली की खोकला बरा. मरियामाता आतून ऐकायची, मी बाहेरून ऐकायचे. आम्ही दोघीही काही बोलायचो नाही.

या वर्षी मात्र तिनं दुपारीच माझं दार काढून बाजूला ठेवलं, मूर्ती अलगद उशीवर निजवली आणि माझं आतलं जुनं, विटलेलं अस्तर टराटरा फाडलं. मग ट्रंक उघडून तिनं तो पांढरा साटिनचा झगा काढला. थोडा वेळ मांडीवर घेऊन बसली. मग कात्री चालवली.

कापता कापता ती मूर्तीशी बोलत होती. एकटी माणसं बोलतात तशी.

"कन्फेशनला गेले होते माते. फादर म्हणाले, बाकी काही नको, या वर्षी पेटी शेजारी तूच नेऊन दे. हेच प्रायश्चित्त. म्हणायला किती सोपं. आणि त्यानं माझ्या तोंडावर दार लावून घेतलं तर? मी काय तोंडानं परत येऊ?"

शिवणताईनं नाक पुसलं आणि सुईत दोरा ओवला. हात जराही थरथरला नाही, हे मी अगदी जवळून सांगते.

पण मन लावून काम करणाऱ्यांची खोड असते, पुरे कधी म्हणायचं ते त्यांना कळत नाही. तिनं अस्तर दुहेरी केलं, मध्ये कापूस भरला, चौफेर झालर लावली, आणि झालर दाराच्या पार कडेपर्यंत आणली. मूर्ती ठेवली, दार बसवलं, गुडघ्यानं रेटून बंद केलं. माझा श्वास कोंडला. त्यात हवा दमट.

संध्याकाळी सगळे जमले. मेणबत्त्या लागल्या. शिवणताईनं दार ओढलं, ते हलेना. पोस्टमास्तर पुढे आले, "बाजूला व्हा, असली टपालाची खोकी जन्मभर उघडलीत." त्यांनी दाराच्या कडेला धरून हिसका दिला आणि मागे बसलेल्या काकूंच्या मांडीवर जाऊन पडले. काकू खडबडून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "आमेन."

सगळी खोली हसली. मग कुणी सुरी आणली, कुणी तेल. मी हट्टानं अडून बसले असं समजू नका. लाकडाच्या हातात तेवढं नसतं. शेवटी काकूंच्या तोंडून निघून गेलं, "सुताराला बोलवा की."

सगळ्यांनी काकूंकडे डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "खालच्या डाव्या कोपऱ्यावर थाप मारा. मग वर उचला."

म्हणजे हा गडी भिंतीला कान लावून बसला होता. बहुतेक दरवर्षीच बसत असणार. पोस्टमास्तरांनी थाप मारली, उचललं. "नाही उघडत हो," ते भिंतीला म्हणाले.

सगळ्यांनी शिवणताईकडे पाहिलं. ती उठली, भिंतीजवळ गेली.

"बारक्या," ती म्हणाली.

पलीकडून आवाज आला, "कोण बारक्या? तुला तर भाऊ नाही ना?"

"मी म्हणाले होते तसं." तिनं तळहात भिंतीला टेकला. "चुकले रे. रागानं म्हणाले आणि मग गिळता येईना. माझी चूक आहे. सगळ्यांसमोर म्हणाले होते, आज सगळ्यांसमोर सांगते."

आणि उत्तराची वाट न बघता ती वळली, माझी कडी धरली आणि मला उचललं. काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या घरची रोझरी?"

"ती तिकडे," शिवणताई म्हणाली.

मेणबत्त्या घेऊन अख्खी खोली आमच्या मागून निघाली. दारापासून दारापर्यंत चार पावलांची वाट, पण तिची छाती धडधडत होती ते मला कडीतून कळत होतं. दार लावून घेतलं तर, एवढंच तिच्या मनात होतं, आणि खरं सांगते, माझ्याही.

दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात सुतार उभा, हातात पटाशी, डोळे लाल. मागे त्याची बायको.

"माउली तुमच्या घरी आली," शिवणताई म्हणाली.

त्याला 'येऊ दे' म्हणता येईना. नुसते हात पुढे केले. तोच अंगठा माझ्या कडेवरून फिरला. मी लाकडाची आहे म्हणून बरं, नाहीतर रडले असते.

त्यानं मला टेबलावर ठेवलं, फटीत पटाशी घातली, डाव्या कोपऱ्यावर हलकी थाप दिली. दार उघडलं आणि पांढरी झालर भसकन बाहेर आली, मध्ये माउली, लोण्यात बसवल्यासारखी.

"काय हे ताई," तो म्हणाला. "माणसाचा कपडा शिवताना अंगाला जागा ठेवतेस ना? मग दाराला का नाही ठेवलीस?"

"कापड होतं घरात," ती पुटपुटली.

त्याच्या बायकोनं झालरीला बोट लावलं. ओळखलं तिनं. "ताई, ही तर माझ्या झग्याची बाही." आणि तिचेही डोळे भरले. "मला फार आवडला होता हो. पण दुकानातला मामीनं आणलेला, तिला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आणि यांना काही सुचलं नाही म्हणून ते तसं बोलून गेले."

"थरथरतो म्हणाला," शिवणताई म्हणाली, हसत की रडत कळेना.

सुतारानं तिचा हात धरून दिव्यासमोर नेला, सगळ्यांना दाखवला. "बघा. कुठे थरथरतो? मी खोटं बोललो होतो. माफ कर ताई."

त्या संध्याकाळी रोझरी उशिरा सुरू झाली आणि कुणालाही घाई नव्हती. पोस्टमास्तरांनासुद्धा. क्षमेची ओळ आली तेव्हा मी कान टवकारले. खोकला आला नाही. शिवणताई ती ओळ सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाली, आणि मग बाकीचे येईपर्यंत थांबली.

खरं तर दुसऱ्या दिवशी मी पाववाल्या काकूंकडे जायला हवं होतं. पण मी अजून इथेच आहे. सुतारानं माझ्या दाराची कड जराशी तासली. झालर कापायला शिवणताईनं साफ नकार दिला. काकू विचारायला आल्या तर म्हणतो, "सरस वाळायचाय अजून." मला त्यानं सरस लावलेलाच नाही. शिवणताई सकाळपासून इथेच मशीन घेऊन बसलीय, नणंद-भावजयीच्या गप्पा संपत नाहीत. मरियामातेची काही तक्रार दिसत नाही, मग मी कशाला बोलू?

जाईन उद्या-परवा. कधीतरी तुमच्याही गल्लीत येईन, मी नाही तर माझ्यासारखी एखादी. तेव्हा पलंगाखाली हवं ते लपवा, मी कुणाला सांगणार नाही. प्रार्थनेत डुलकी काढा, माउली रागावत नाही. फक्त मला उचललंत की शेजारचं घर सोडून पुढे जाऊ नका. दार बंद असेल असं तुम्हाला वाटेल. एकदा जाऊन तर बघा.