घरीच होती

मित्रांनो, विमलबाई गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. माझ्या पाठीवर ठेवलेला लॅपटॉप त्या दिवशी सकाळी साडेदहाला मिटला, त्यावरून मला कळलं. प्रेरणा कामाच्या वेळेत तो कधी मिटत नसे. त्या सकाळी फोन वाजला, तिने दोन शब्द ऐकले, लॅपटॉप मिटला आणि माझ्या फळीवर डोकं टेकून ती रडली. विमलबाईंना पहाटे अचानक त्रास झाला, म्हणून त्यांचे पती शेषराव आणि मुलगा गजेंद्र त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. सून प्रेरणा दुपारच्या बसने जाणार होती. जायची वेळच आली नाही.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी. माझं डोकं वापरून झालं की आत दुमडता येतं आणि वर सपाट टेबल होतं. याच सोयीने पुढे माझा घात केला, ते सांगतेच.

विमलबाईंच्या वडिलांनी मला मलकापूरच्या दुकानातून घेतलं आणि लग्नात लेकीसोबत पाठवलं. सरकीच्या पोत्यांवर आडवी होऊन मी अमडापूरजवळच्या या गावात आले. घराला एकच मोठी खिडकी. उजेड तिथे, म्हणून माझी जागा तिथे. एकतीस वर्षं ती जागा माझी होती.

मी काय शिवलं नाही? गावातल्या बायकांची पोलकी, पोरांचे गणवेश, उशांचे अभ्रे, बाळंतिणींची टोपडी-झबली. पोळ्याला बैलांच्या झुलीसुद्धा शिवल्या. विमलबाई सकाळचा स्वयंपाक आवरून बसायच्या आणि दिवेलागणीला उठायच्या. मध्ये किती वेळा उठावं लागायचं, त्याला मोजमाप नव्हतं. "विमल, च्या ठेव." "विमल, वासरू सुटलं, पाह्य." "विमल, पाव्हणे आले." शेषराव वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटायचं, बायको घरीच आहे. शिवण अर्धी टाकून त्या उठायच्या, आणि माझं चाक नुसतं दोन फेरे फिरून थांबायचं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. सगळीकडे असंच असतं, असं मी समजत होते.

मग तो आला.

गजेंद्र आणि प्रेरणा पुण्याला राहायचे. दवाखान्याच्या विम्याचे कागद तपासणाऱ्या एका कंपनीत प्रेरणा कामाला होती. विमलबाईंची किडनी खराब झाली आणि आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला नेणं आलं, तेव्हा प्रेरणाने कंपनीला सांगितलं, मी नोकरी सोडते. कंपनी म्हणाली, सोडू नका, गावावरून काम करा. असं ते दोघं घरी आले. गजेंद्रने भाजीपाल्याची वावरं हाती घेतली. प्रेरणाने पिशवीतून एक काळा, चपटा डबा काढला आणि घरभर हिंडत त्याला रेंज शोधली. रेंज सापडली ती माझ्या खिडकीत.

झालं. माझं डोकं आत दुमडलं आणि वर तो बसला.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मला त्याचा फार मत्सर वाटला. तो किती हलका! त्याला तेल लागत नाही, त्याचा पट्टा तुटत नाही. तो उघडला की घरातला आवाज थांबायचा. गजेंद्र चपला हातात घेऊन चालायचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक व्हायचा. त्याच्या शेजारी चहा आपोआप यायचा, तोही आजारी विमलबाई स्वतः आणून ठेवायच्या. माझ्याशेजारी एकतीस वर्षांत कोणी चहा ठेवला नव्हता.

विमलबाईंनी मात्र मला सोडलं नाही. जरा बरं वाटलं की सकाळी लवकर माझं डोकं वर काढून बसायच्या. नऊला पाच कमी असताना स्वतःच मला दुमडायच्या आणि हाक मारायच्या, "ये वं पोरी, माही पाळी संपली, तुही ड्युटी लागली." दोघी हसायच्या. मला हसू यायचं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी तर तो विमलबाईंसोबत बुलढाण्याला जायचा. त्यांचं रक्त शुद्ध होईपर्यंत चार तास प्रेरणा शेजारच्या स्टुलावर बसून काम करायची. एकतीस वर्षं त्यांचे पाय माझ्या पायट्यावर होते, आणि दवाखान्यात त्यांच्या उशाशी तो होता. मी जड. मला कोण नेणार?

प्रेरणा त्याला बाजाराच्या पिशवीत घालून न्यायची. विमलबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी गणवेशाचं उरलेलं जाड निळं कापड काढलं आणि आतून मऊ अस्तर लावून त्याच्यासाठी पिशवी शिवायला घेतली. माझ्याच सुईने, त्याच्यासाठी! दोन बाजू झाल्या, तिसरी झाली, आणि त्यांना दम लागला. नऊ वाजायला आले होते. त्यांनी कापड तसंच माझ्या सुईखाली राहू दिलं आणि मला आत दुमडलं. "राहू दे," त्या प्रेरणाला म्हणाल्या, "चौथी बाजू उद्या मारू."

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या गेल्या.

सातव्या दिवशी ग्रामपंचायतीचे शिपाई उत्तमराव मृत्यूच्या नोंदीचा कागद घेऊन आले. लिहायला सपाट जागा हवी, म्हणून कागद माझ्या फळीवर ठेवला. नाव, वय, गाव लिहून झालं.

"व्यवसाय काय लिहू, शेषराव?"

"कायचा व्यवसाय? घरीच होती."

उत्तमराव पेन दाबून लिहितात. ते दोन शब्द माझ्या लाकडात उमटले. माझ्या पोटात विमलबाईंची अर्धी शिवण होती आणि पाठीवर लिहिलं गेलं की त्या काही करत नव्हत्या. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. मशीनला चालवणारा असला तरच आवाज असतो.

तेरावं झालं. प्रेरणा पुन्हा कामाला बसली. आता ती घरी असते हे गावाला कळलं होतं. कोणाला बँकेचं पाहायचं असे, कोणाला दाखल्याचा फॉर्म भरायचा असे. शेषराव ओट्यावरून सगळ्यांना आत पाठवायचे. "जा ना, प्रेरणा घरीच हाये." तेच शब्द. एके दिवशी प्रेरणाची पुण्याच्या मोठ्या मॅडमशी बैठक चालू होती. पडद्यावर आठ-दहा माणसं होती. तेवढ्यात शेजारचे शालिग्राम कागदांची चळत घेऊन थेट खिडकीपाशी आले. त्यांचा आवाज वावरातून गावात ऐकू जाईल असा.

"सूनबाई, हरभऱ्याची नोंदणी करून दे बरं. आन हे कोण लोकं हायेत? टीव्ही पाहून राह्यली का?"

पडद्यावरची माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत. हे तिसऱ्यांदा होत होतं. त्या म्हणाल्या, "प्रेरणा, एक महिना पाहू. नाही जमलं तर पहिल्या तारखेपासून तुम्हाला ऑफिसला यावं लागेल."

मित्रांनो, मला आनंद झाला. जाऊ दे त्याला पुण्याला! माझी खिडकी मला परत मिळेल. पण संध्याकाळी जेवताना प्रेरणाने घरात सांगितलं, आणि गजेंद्र हळू आवाजात म्हणाला, "मंग आपल्याले जाच लागन, बाबा." तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो गेला तर प्रेरणा जाईल. प्रेरणा गेली तर गजेंद्र जाईल. मग या घरात शेषराव राहतील आणि मी. त्यांना दोरा ओवता येत नाही. खिडकी मिळेल, पण तिथे बसणार कोण?

शेषरावांचा घास हातातच राहिला. "माह्यामुळं झालं का हे?"

प्रेरणाने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही वावरात पाणी देत असता तेव्हा कोणी येऊन म्हणते का, तू त वावरातच हायेस, जरा माही म्हैस धुऊन दे?"

गजेंद्रला हसू आलं. शेषरावांना नाही आलं. ते उठून माझ्यापाशी आले. माझ्या फळीवर उमटलेल्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना त्यांनी ओट्यावर दारात खुर्ची टाकली. शालिग्राम आलेच.

"काऊन बे शेषराव, पहारा देऊन राह्यला का?"

"सून कामावर हाये."

"अबे, आत त दिसते मले!"

"आत हाये, पण कामावर हाये. साडेपाचले ये."

"पुण्याची कंपनी आन तू तिचा वॉचमन! पगार किती देतात रे तुले?"

"तू साडेपाचले ये म्हणलं ना!"

मित्रांनो, मी ते आतून ऐकलं. 'कामावर आहे.' खरंच बरं वाटायला हवं होतं. पण माझा जळफळाट झाला. हेच दोन शब्द एकतीस वर्षांत एकदा तरी विमलबाईंसाठी त्याच दारात कोणी बोललं असतं तर?

महिना संपला, तशी प्रेरणाने मॅडमना पत्र लिहिलं. पाठवण्याआधी शेषरावांना वाचून दाखवलं. पुण्यात येण्या-जाण्यात रोज तीन तास जायचे, ते आता कामाला मिळतात. या महिन्यात तिने सगळ्यांत जास्त कागद तपासले आणि चुका सगळ्यांत कमी होत्या. लग्न होऊन गावी गेलेल्या दोन जुन्या मैत्रिणी घरून काम मिळतं म्हणून परत कंपनीत आल्या, त्यांना नव्याने शिकवावं लागलं नाही. कंपनीने ऑफिसचा एक मजला सोडून दिला, त्याचं भाडं वाचलं. पुण्यात पाऊस झाला, रस्ते बंद पडले, तरी कंपनीचं काम थांबलं नाही. शेवटी तिने लिहिलं होतं, 'घरून काम नसतं तर मी ही नोकरी सोडली असती, आणि सोडली नसती तर माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या सात महिन्यांत त्यांच्याजवळ राहू शकले नसते.'

उत्तर आलं. प्रेरणा इथेच राहणार.

मग शेषरावांनी उत्तमरावांना बोलावलं. "त्या कागदावर व्यवसायात शिवणकाम लिही. मी चुकीचं सांगतलं होतं."

उत्तमराव म्हणाले, "अर्ज द्या, शेषराव. आन ती शिवण शिवे याचा काही कागद जोडा."

शेषरावांनी सगळी कपाटं पाहिली. कागद कुठून असणार? गावात अर्ध्या अंगांवर विमलबाईंची शिवण आहे, पण ती जोडता येत नाही. त्या दुपारी प्रेरणा जेवायला उठली तेव्हा त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि कितीतरी दिवसांनी माझं डोकं वर काढलं. सुईखाली निळं कापड तसंच होतं. ते खुर्चीवर बसले, पायट्यावर पाय ठेवले. मला त्यांचे पाय ओळखीचे नव्हते. त्यांनी जोर दिला, चाक उलटं फिरलं, दोरा गुंतला आणि तुटला. ते कापडाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "विमल, मले येत नाही वं."

प्रेरणा दारात उभी होती. तिलाही शिवता येत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल तर तिला महिन्यातून एकदा तेल द्या, नाहीतर ती गंजते. तिच्यावर बसणारं कोणी असेल तर मधेच हाक मारू नका. आणि कोणी विचारलं की तुझी आई काय करते, तर उत्तर देण्याआधी घरात एकदा नीट पाहा.

तो अजून माझ्या पाठीवर बसतो. मला त्याचा अजूनही हेवा वाटतो. कुठे जायचं झालं तर आजही तो बाजाराच्या पिशवीतूनच जातो. शेषरावांचा अर्ज लिहून झाला आहे, दिलेला नाही. निळ्या पिशवीची चौथी बाजू शिवायची राहिली आहे.