टँकर नसलेली गोष्ट

सोमवारी उठल्यापासून महादेवाला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. पाणी ताजंच लागतं, आणि शहराच्या टोकाच्या आमच्या लेआउटमध्ये, या प्लॉटांच्या वस्तीत, नळ नाही. टँकर येईल तेव्हा माझं तोंड उघडतं. कधी नऊला, कधी साडेअकराला. बावीस वर्षं झाली.

त्या सोमवारी माझ्याकडे राहणाऱ्या भाचीनं, भूमिकानं, चहासोबत हातात कागद ठेवले. "तुझ्यावर कथा लिहिली, मावशी. आज दुपारी दोनले कॉलेजातल्या स्पर्धेत वाचायची आहे."

वाचली. कथेतली सत्यवती पुण्यात सातव्या मजल्यावर राहते. घरात चोवीस तास पाणी. तरी ती सकाळपासून गप्प. कुणी टोचून बोललं तरी गप्प. शेवटी खिडकीशी उभी राहून रडते. नाव माझं, व्रत माझं, कपाळावरचं गोंदणसुद्धा माझं. ती रडकी मात्र माझी कोणी नव्हे.

डोकं असं तापलं की माळेचे मणी बोटांत करकरले. आणि बोलता येईना.

"रडू आलं ना?" भूमिकानं विचारलं.

गेल्या सोमवारी हिनंच पाहिलं होतं. टँकरवाला ओमप्रकाश शेवटची तीन घरं सोडून गाडी वळवू लागला, तेव्हा मी माझा अजून न भरलेला पाण्याचा गुंड घेऊन चाकासमोर मांडी घातली. हॉर्न वाजवून थकला, "माताजी, हटो ना" करून थकला. मी शब्द काढला नाही. चाळीस मिनिटांनी त्यानं पाइप सोडला.

साडेदहाला टँकर आला. गुंड भरला, पिंडीवर धार धरली आणि बाहेर आले.

"माझा टँकर कुठी गेला?"

"अं?"

"तुह्या गोष्टीतला!"

"मावशी, परीक्षक पुण्याचे आहेत. त्यायले आपलं लेआउट काय समजते? नुसती जागा बदलवली. बाई तूच आहे."

"नुसती जागा?" माझा आवाज कधी चढत नाही; आता चढला तशी शेजारची रुखमाबाई हंडा उचलता उचलता थांबली. "घरात नळ असता तर मी सात वाजताच बोलली असती. मग ती बया काहून गप्प आहे? भेते म्हणून? मी कोणाले भेते वं? सांग!"

भूमिका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. तिकडे ओमप्रकाश पाइप गुंडाळत होता. ती तीन घरं आजही कोरडीच.

मी रिकामा गुंड तिच्या हातात कोंबला. "जा. चाकासमोर बस. अन् एक शब्द बोलायचा नाही."

"मी? या ड्रेसवर?"

"त्याच ड्रेसवर."

ती धुळीत बसली. पहिल्या हॉर्नला तिची मान खाली गेली. दुसऱ्याला तिनं कानावर हात ठेवले. तिसऱ्याला तिनं हात काढले आणि सरळ ओमप्रकाशकडे पाहिलं.

बारा वाजता परतली. त्या तीन घरांकडे पाइप सुटला होता. ड्रेस चिखलानं भरलेला, भरलेला गुंड कमरेवर.

"हरामखोर साला, एक तास बसवलं मले!" म्हणत तिनं गुंड आपटला, गोष्टीची शेवटची तीन पानं टराटरा फाडली आणि हात पुढे केला. "पेन दे."

माझा राग गेला नव्हता. पेन मात्र शोधून दिला.