रिसिव्हरातल्या मुंग्या

शेवंताबाईच्या फोनला ऐकू येत होतं, पण बोलता येत नव्हतं. समोरच्याचा शब्द न् शब्द कानात शिरायचा आणि शेवंताबाईचा एकही शब्द तारेतून पलीकडे जायचा नाही. अख्ख्या करावे गावात जिच्या आवाजाला भिऊन कोळंबीवाला वजन नीट करतो, त्या बाईवर ही पाळी आली.

दुसऱ्या कुणाचा फोन असता तर तिने मनाला लावून घेतलं नसतं. पण फोन राहीबाईचा होता. राहीबाई म्हणजे तिची थोरली बहीण, दिघ्याला दिलेली. डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण या घरचा नंबर तिला बोटांनी पाठ. मोबाईलमधली नावं तिला वाचता येत नाहीत, म्हणून ती तिच्या घरच्या मोठ्या बटणांच्या फोनवरून हा एकच नंबर लावते. आणि शेवंताबाईही मोबाईल वापरत नाही. तिचं म्हणणं, पाटी कानाला लावून काय बोलायचं? धरायला मूठ पाहिजे, ओढायला दोरी पाहिजे, रागानं आपटायला जागा पाहिजे. म्हणून रूपेशने, म्हणजे तिच्या लेकाने, घरात इंटरनेटची नवी तार घेतली तेव्हा जुना नंबर तोच ठेवला आणि आईसाठी नवा दोरीवाला फोन आणला.

दोघी बहिणींचं बिनसलं ते राहीबाईच्या नातवाच्या हळदीत. पहिली हळद आत्येने लावली, तो तिचा मान, त्याबद्दल शेवंताबाईचं काही म्हणणं नव्हतं. पण आत्येनंतर मावशीआजीला, म्हणजे शेवंताबाईला, पुढे बोलवायचं सोडून यजमानांनी कुणा बिल्डरच्या बायकोला पाटाजवळ नेलं. बाई गोरी, नथ भली मोठी, आणि हळद लावायची कशी तेही ठाऊक नाही, नवऱ्यामुलाच्या कानात बोट घातलं तिने! शेवंताबाई तिथून उठली ती जेवणाच्या पंगतीतही बसली नाही. मटणाचा वास मांडवभर दरवळत होता, तरी बसली नाही.

मग राहीबाईचा पहिला फोन आला. फोन तेव्हा ठणठणीत होता. राहीबाई म्हणाली, "शेवंते, चुकलं गो आमचं. त्या गर्दीत मला दिसलंच नाय. बोल ना."

शेवंताबाई बोलली नाही. रिसिव्हर कानाला धरून मुद्दाम गप्प उभी राहिली. पलीकडे बहीण श्वास घेत होती तो ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. दमू दे जरा. राहीबाईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात शेवंताबाईचा राग उतरला. राग उतरला तसा राहीबाईचा दुसरा फोन आला, आणि आता शेवंताबाई बोलत होती तर तिकडे ऐकू जात नव्हतं. "बाय, मी बोलतंय गो!" थोरल्या बहिणीला ती लहानपणापासून बाय म्हणते, तशीच हाक मारून ओरडली. शेजारच्या गल्लीतल्या भिमाबाईनं खिडकी उघडून बघितलं, एवढं ओरडली. राहीबाई तिकडे म्हणत होती, "अजून राग गेला नाय काय तुझा?" आणि तिने फोन ठेवला.

"आई, माझ्या मोबाईलवरून लावा ना मावशींना," सून जागृती तेव्हाच म्हणाली होती.

"आपन कशाला लावायचा? तिला गरज असंल तर ती लावंल." असं शेवंताबाई म्हणाली. फोन दुरुस्त व्हावा, मग राहीबाईचा फोन यावा, आणि मग आपण उचलून बोलावं, म्हणजे बहीणही परत मिळते आणि मानही खाली जात नाही, असा तिचा हिशोब. म्हणून तिने रूपेशच्या मागे धोशा लावला. फोन नवा आहे, वॉरंटी आहे, माणूस बोलव.

माणूस आला. प्रीतम नावाचा, कामोठ्याचा. गळ्यात कंपनीचं कार्ड, पाठीला बॅग, तोंडात चुइंगम. आल्या आल्या त्याने फोन उलटा केला आणि खालच्या चिकटपट्टीचा मोबाईलवर फोटो काढला.

"हा कशाचा फोटो?" शेवंताबाईनं विचारलं.

"सिरीयल नंबर, मावशी. आणि हा सरकारी मंजुरीचा शिक्का. हे दोन नसले तर आम्ही सेटला हातच लावत नाय."

"बघ, सगळं नियमात हाय," रूपेश म्हणाला. "म्हणजे बदलून मिळनार."

प्रीतमने रिसिव्हरचे स्क्रू काढले, बोलायच्या बाजूची झाकणी उचलली, आणि तिथून मुंग्या बाहेर पडल्या. बारक्या, तांबड्या. ओळीनं आल्या, टेबलावर आल्या, प्रीतमच्या मनगटावर चढल्या. त्याने हात झटकला आणि हसला.

"यांना कुणाला फोन लावायचाय?"

आत माईकच्या जागी चिकट, काळपट थर होता. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला, वास घेतला. "गोड काहीतरी गेलंय आत. लिक्विड. सॉरी साहेब, वॉरंटीत नाय बसत. कार्डावर लिहिलंय, पाणी किंवा कुठलाही पातळ पदार्थ गेल्यास हमी लागू नाही."

"अरे पण सरकारी शिक्का हाय ना खाली!"

"साहेब, तो शिक्का सेट बरोबर बनवल्याचा आहे. सेटला सरबत पाजायचं लायसन नाय ते."

रूपेश चिडला. शेवंताबाईला मात्र दोघांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर एक पांढरा, वाळलेला कण चिकटला होता. नखाएवढाही नाही. बाहेरच्या माणसाला तो कागदाचा कपटा वाटला असता. पण जिनं जन्मभर नारळ फोडले, खवले, वाटले, तिला खोबरं ओळखायला वेळ लागत नाही.

नवा फोन घरात आला त्या दिवशी तिने त्याला पाटावर बसवला होता. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. नवी होडी असो, नवी रिक्षा असो की रूपेशचा फ्रीज, या घरात नारळाच्या पाण्याशिवाय काही कामाला लागत नाही. आणि शिंपडताना तिने हात आखडता घेतला नाही, देवाच्या कामात कंजूसी कशाला. रिसिव्हरची बारीक भोकं तेव्हा तिला दिसलीच नव्हती. पाणी आत राहून सावकाश चिकट झालं, मुंग्या लागल्या, आणि मग कुठे फोनचं तोंड बंद झालं.

"कुणी सांडलं काय? आई?" रूपेशनं विचारलं.

तिथे तिला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण समोर परका माणूस चुइंगम चघळत उभा, मुंग्या टेबलभर पसरलेल्या, आणि त्याच वेळी जागृती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली. शेवंताबाईची जीभ तिच्या आधी चालली.

"माझ्या हातून काय सांडतंय? तुझ्या बायकोला विचार. कोकमाच्या सरबताचा गिलास या फोनच्या डोक्यावरच असतो तिचा. माहेरी सोफ्यावर बसून पिऊन सवय लागलेली."

जागृतीने ट्रे खाली ठेवला. उघडा रिसिव्हर बघितला, तो पांढरा कण बघितला, आणि मग सासूकडे बघितलं. एकदाच. शेवंताबाईनं नजर मुंग्यांकडे वळवली.

"असेल," जागृती म्हणाली. "पडलं असेल."

"असेल काय असेल!" रूपेशचा आवाज चढला. "अक्कल नाय तुला? आई सांगत होती नीट ठेवत जा म्हनून. माझी आई कदी खोटं बोलत नाय, तू तरी कबूल कर सरळ."

प्रीतमने खाली मान घालून मोबाईलमध्ये काहीतरी टिचक्या मारल्या. "ग्राहकाकडून नुकसान, असं टाकतो. माईक वाशीहून मागवावा लागेल, चार्ज पडेल. तोवर ऐकायला येईल, बोलायला नाय." त्याने चहा उभ्यानेच घेतला, सगळं होतं तसं बसवून दिलं आणि गेला.

त्यानंतर घरात कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर शेवंताबाईला सोपं गेलं असतं. जागृती ओटा पुसत होती, कपडे वाळत घालत होती, विचारलं तेवढ्याला उत्तर देत होती. शेवंताबाईनं दुपारी स्वतः बोय मासळीचं कालवण केलं आणि मधला गाबोळीचा, म्हणजे माशाच्या अंड्यांचा, तुकडा सुनेच्या ताटात वाढला. या घरात गाबोळी आजवर फक्त रूपेशच्या ताटात पडली होती.

"मला नको, आई. तुमाला आवडते."

"खा गपचूप. भाकरी बरी जमली आज तुला."

"रोजच्यासारखीच हाय."

"मग रोजच बरी जमत असंल," शेवंताबाई पुटपुटली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने कुणाच्या भाकरीला बरं म्हटलं नव्हतं. ते शब्द तोंडातून निघाले आणि लाच दिल्यासारखे वाटले. रूपेशने कालवणात भाकरी बुडवत बायकोला विचारलं, "पाणी देतेस की सरबत?" आणि स्वतःच हसला. शेवंताबाईचा घास गालातच फिरत राहिला. हा कुठे शिकला असं टोचून बोलायला, असा विचार तिच्या मनात आला आणि उत्तर विचारायला दुसरीकडे जावं लागलं नाही.

माझी आई कधी खोटं बोलत नाही. ते वाक्य तिला काट्यासारखं घशात बसलं होतं. मासळीचा काटा असता तर सुक्या भाकरीनं गेला असता.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला फोन वाजला. शेवंताबाई देवघरातून उठून आली, तिने रिसिव्हर उचलला.

"शेवंते," राहीबाई म्हणाली. आवाज थकलेला होता. "ऐकतेस ना? उचलतेस आनि गप राहतेस, मला समजतं. मी तुज्यापेक्षा मोठी, तरी तीन-तीनदा फोन केला. माजी सून हसते मला. हा शेवटचा. मी आता करनार नाय. तू तुजा मान सांभाळून सुखानं राहा."

"बाय! बाय, थांब गो! फोन बिगडलाय! तोंडच गेलंय त्याचं! बाय!"

फोन कट झाला. शेवंताबाई रिसिव्हरमध्ये ओरडतच राहिली. मग तिला कळलं की आपण भोकांकडे तोंड करून ओरडतोय आणि त्या भोकांत आपणच ओतलंय.

जागृती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन तिने आपला मोबाईल काढला. "लावू का मावशींना?"

एवढंच म्हणाली. टोमणा नाही, काही नाही. शेवंताबाईला हात पुढे करायचा होता आणि करता येईना. ज्या पोरीला सकाळी परक्यासमोर खाली बघायला लावलं, तिच्याच हातातून आता हे घ्यायचं?

"ते सरबत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत हाय."

"नारळाचं पानी होतं. मी शिंपडलेलं."

"आई, माहीत हाय मला. ताट मीच धरलेलं ना त्या दिवशी."

शेवंताबाई खुर्चीत बसली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पूजा तिला आठवत होती, फूल आठवत होतं, नारळ आठवत होता. ताट कुणी धरलं होतं ते तिला आठवलं नव्हतं. ताट आपोआप तिथे असतं अशीच तिची समजूत.

"मग बोलली का नाय गो? सकाळी त्याच्यासमोर माझं तोंड का नाय बंद केलंस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

शेवंताबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग उंबऱ्याकडे बघून हाक मारली, "रूपेश! इकडं ये." तो आला तसं तिने त्याला उभ्या उभ्याच सांगितलं, जोरात, भिमाबाईच्या खिडकीपर्यंत जाईल असं. "फोन मी बिगडवला. नारळाचं पानी मी टाकलं. आनि आळ तुझ्या बायकोवर घातला. तुझी आई खोटं बोलली. आता तिची माफी मागायची ती तू तुझी माग, मी माझी मागतंय."

"आई, जाऊ दे ना, एवढं काय—"

"एवढंच हाय. आनि परत त्या सरबताचं नाव काढलंस तर कालवण बंद." ती जागृतीकडे वळली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला, शिव्या असत्या तर लागला नसता. "माझं चुकलं. समजलं ना? पुन्हा नाय सांगायला लावायचं."

जागृतीच्या ओठाचा कोपरा हलला. तिने मोबाईलवर नंबर लावून सासूच्या कानाशी धरला.

"कोन?" राहीबाई.

"मी गो. शेवंता." आणि ती भडाभडा बोलत सुटली. फोन बिघडला होता, तिकडचं ऐकू यायचं, इकडचं जात नव्हतं, मुंग्या निघाल्या आत, माणूस येऊन गेला, विचार पाहिजे तर रूपेशला.

राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, "म्हंजे पहिल्या दिवशी पन बिगडलेला?"

रूपेश शेजारीच होता. त्याला ऐकू गेलं. त्याने डोळे मोठे करून मान हलवली, हो म्हण, हो म्हण. एका शब्दाचं काम होतं. राहीबाईला त्यातलं काही कळलं नसतं. जागृतीचा हात मोबाईल धरून अवघडला होता आणि ती सासूकडे नव्हे, भिंतीकडे बघत होती.

"नाय," शेवंताबाई म्हणाली. "त्या दिवशी फोन चांगला होता. मीच बोलले नाय. तू रडायच्या बेताला आलीस ते मला ऐकू येत होतं आनि मला बरं वाटत होतं."

मग राहीबाई म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि फोन बंद झाला.

"सांगत होतो ना!" रूपेश म्हणाला. "हो म्हनाली असतीस तर मिटलं असतं आता."

"तू चूप बस."

शेवंताबाईनं सुनेच्या हातातून मोबाईल घेतला. तो तिला कसा धरायचा तेही नीट ठाऊक नव्हतं, दोन्ही हातांत धरला तिने.

"जागृती, पुन्हा लाव."

"उचलणार नाहीत मावशी आता लगेच."

"नाय उचलला तर परत लावू. ती माझ्यासाठी लावतच होती ना? आता माझी पाळी."