शालूबाईचं मत आणि मी

मित्रांनो, गोठ्यात शिरताना ज्या ताटीला तुम्ही पायाने लोटता ना, ती मी. जुनी आहे, फाटकी आहे, पण दोनदा सरकारी कामावर जाऊन आलेली आहे. तेव्हा पाय आवरा आणि ऐका.

मी गिरडकडच्या बांबूची. अल्लीपूरच्या बुरडाने मला इतकी घट्ट विणली की पलीकडचा दिवासुद्धा दिसू नये. शालूबाईने मला आपल्या भाजीवाडीच्या तोंडाशी बांधलं. आत वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. बाहेर गावची मोकाट गुरं. एका दांडग्या बैलाने शिंग घालून माझा उजवा कोपरा फाडला, तो शालूबाईने सुतळीने शिवला. तिच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरत होता, म्हणून शिवण ओबडधोबड आली. हसू नका. ती शिवण माझा दागिना आहे.

बावन्न साली पहिलं मोठं मतदान आलं. शाळेत आडोसा पाहिजे म्हणून मला वाडीवरून सोडून नेलं. हिंगणघाटच्या कचेरीतले मनोहरराव केंद्राचे साहेब होते. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चित्र. माझ्या आड डावीकडे छत्री, मध्ये शिडी, आणि उजवीकडे माझ्या शिवणीशेजारी कंदील. चिठ्ठी घ्यायची, एकट्याने माझ्या आड यायचं, आवडेल त्या पेटीत टाकायची आणि तोंड मिटून घरी जायचं. एवढाच नियम! पण पाळताना लोकांचा जीव जात होता.

पहिलीच बाई आली, तिने पेटीला हळदकुंकू लावलं, चिठ्ठी झाकणावर ठेवली, वर झेंडूचं फूल वाहिलं आणि नमस्कार करून चालती झाली. अगं, तो काय देव्हारा आहे? दुसरी माझ्यावरून मान काढून नवऱ्याला विचारते, "अवो, छत्री म्हनलं का शिडी?" सगळी शाळा हसली. मग मी तिथे कशाला उभी होते? शोभेला? मनोहरराव घसा फोडून सांगत होते, "बाई, चिठ्ठी आत टाका! मोठ्याने विचारू नका!" ऐकतो कोण.

दुपारी शालूबाई आली. ज्याला नाल्यावर पूल बांधायचा आहे त्यालाच मत द्यायचं, हे तिने कधीचं ठरवलं होतं. पावसाळ्यात नाला भरला की तिची भाजी बाजारात न जाता वाडीतच सडायची. पण संगती तिचा पुतण्या रूपराव होता. पांढरं धोतर, बोटात जाड अंगठी, आणि गावातलं प्रत्येक मत आपल्याच खिशातलं असल्याचा तोरा.

"काकूले दिसत नाई, साहेब. मी घरचाच आहो, मी नेतो संगं."

ज्याला दिसत नाही त्याला सोबती नेता येतो, हा नियम खरा. पण सोबती कोण, हे मतदाराने सांगायचं असतं. मनोहररावांनी रूपरावाला विचारलं, "घरचेच ना? जा मग." शालूबाईला विचारलंच नाही. ती तिथेच उभी होती, दगडासारखी नाही, जिवंत!

माझ्या आड आल्यावर ती हळूच म्हणाली, "कंदिलात टाक रे बाबा." हे ती आपल्या तोंडाने बोलली म्हणून सांगते, नाहीतर माझ्या तोंडून निघालं नसतं. रूपरावाने चिठ्ठी घेतली आणि डावीकडे छत्रीच्या पेटीत सारली. त्याची अंगठी पत्र्यावर खणकन वाजली.

शालूबाईचे डोळे अधू होते, कान नव्हते.

"रूपराव, कंदील कोनीकडं हाय?"

"हे काय, इथंच."

तिने हात पसरून मला चाचपलं. शिवण सापडली ती उजवीकडे. "बाहीर साहेबानं सांगतलं, कंदील उजवीकडं. तुही आंगठी डावीकडं काऊन वाजली?"

"काकू, तुले काय समजते? घराच्या भल्याचंच केलं म्या."

"मेल्या, मत माहं होतं!"

ती ओरडत बाहेर आली. मनोहरराव पांढरेफटक पडले. "बाई, पेटीत गेलेली चिठ्ठी परत निघत नाही," एवढंच म्हणाले. तिने त्यांना जे सुनावलं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. मग दारात बैठक मारली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला बजावलं, "एकलीच जाजो. फूल-बिल वाहू नको. चिठ्ठी भोकात टाकजो." आंधळा तानबा आला तेव्हा मनोहररावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याला विचारलं, "तुम्हाला कोण पाहिजे संगती?"

सत्तावन साली मला पुन्हा शाळेत नेलं. मनोहररावच आले होते. शालूबाईला आता उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं. रूपराव पुढे सरसावला तसे साहेब म्हणाले, "तुम्ही मागे व्हा. बाई, तुम्ही सांगा."

"रंभा," ती म्हणाली. रंभा म्हणजे बाजारात तिच्या शेजारी बसणारी भाजीवाली.

माझ्या आड रंभाने तिचा हात धरून एकेक पेटी ओळखवून दिली. मग शालूबाई म्हणाली, "आता डोये मीट."

"अवो काकूजी, माह्यावर बी भरोसा नाई?"

"भरोसा हाय. तरी मीट."

रंभाने तोंड वाकडं करून डोळे मिटले. शालूबाईने माझी शिवण चाचपली, तिथून पेट्यांवर हात फिरवत गेली, आणि चिठ्ठी आपल्या हाताने आत सोडली.

मित्रांनो, ज्याला दिसत नाही, चालवत नाही, त्याला जरूर हात द्या, पण आधी त्याला विचारा. आणि माझी शिवण उसवत चालली आहे, कोणीतरी सुतळी आणा. शाळेतून पुन्हा बोलावणं आलं, तर फाटक्या अंगाने मी जाणार नाही.

आणि तिने चिठ्ठी कोणत्या पेटीत सोडली ते विचारू नका. मी पाहिलं आहे. सांगणार नाही.