शेजारची दाढ

“जिवली कोठे शे?” पंडितने कार्ड शोधता शोधता विचारलं.

जिवलीची आई दिवालीबाई दारातच उभी राहिली. “ती आते ऱ्हायनी नही,” ती म्हणाली.

साक्रीच्या त्या दातांच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी डोंगराकडची गर्दी असे. डॉक्टरीणबाई पुण्याच्या. त्यांचं बोलणं खेड्यातल्या बायकांना कळत नसे आणि बायकांचं त्यांना. मध्ये पंडित. दातांत भरायचं सिमेंट घोटायचं आणि बाईंचं म्हणणं अहिराणीत सांगायचं, ही त्याची अकरा वर्षांची नोकरी. सांगण्यात त्याला भारी गोडी, आणि नेमका तिथंच तो घसरला.

तीन महिन्यांपूर्वी नऊ वर्षांच्या जिवलीची एक दाढ नव्या पांढऱ्या सिमेंटने भरली होती. बाई म्हणाल्या होत्या, “यातून फ्लोराइड झिरपतं. शेजारच्या दाताला नवी कीड लागायला त्यानं थोडा अटकाव होतो. पण हिच्या शेजारच्या दाढेत कीड आधीच खोल गेलीय, ती यानं बरी होणार नाही. पुढच्या बाजारी भरू. तिला आणायला सांगा.”

पंडितने पहिलं तेवढं रंगवून सांगितलं. एका दाढेतून दवा निघते आणि शेजारच्या दाढेला वाचवते, हे ऐकून दिवालीबाईचे डोळे मोठे झाले. त्या कौतुकात उरलेलं अर्धं राहून गेलं.

“परत येनं पडी का?” तिने विचारलं होतं.

“कसाले? दाढमा दवा शे ना,” पंडित म्हणाला होता. बाहेर वीस माणसं खोळंबली होती.

शेजारची दाढ ठणकू लागली तेव्हा दिवालीबाईला बरंच वाटलं. झोंबणारं औषध गुणाचं, असं तिच्या गावात सगळेच मानत.

“मी म्हनं, दवा लागी ऱ्हायनी, सोस. चार दिन सोसं तिनी. मंग गाल सुजना, गळा सुजना. धुळाले लई जातस तं वाटमाच गई.” ती रडत नव्हती. “सासू म्हनस, पोरले मीच मारी टाकी. कोनी मनासंगे बोलत नही. तुम्ही एकदाव तठे या भाऊ. तुम्हीन काय सांगं व्हतं, ते सांगा.”

“काय म्हणतेय ती?” बाईंनी आतून विचारलं.

या वेळी पंडितने एक शब्द गाळला नाही. तेव्हा आपण काय गाळलं होतं, तेही सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या.

“तुम्ही तिथं हे बोललात तर आपल्याकडे कोण येईल, पंडित?” त्या म्हणाल्या. “आणि तुम्हाला तरी मी कशी ठेवू?”

“खरं आहे बाई,” तो म्हणाला आणि चपला घालून दिवालीबाईच्या मागे निघाला. त्याला भीती वाटत होती, पण दवाखान्यात थांबण्याची जास्त वाटत होती.

दिवालीबाईच्या घरी अंगणात तिचा सासरा करमसिंग बाजेवर होता, सासू उंबऱ्यात. शेजारचे चार-सहा जण जमले. दिवालीबाई अंगणाच्या कडेलाच बसली.

“हिनी चूक नही,” पंडित म्हणाला. “बाईनी दुसरी दाढ भराले बलायेल व्हतं. ते मी हिले सांगंच नही.”

कोणी अंगावर आलं नाही. कोणीतरी यावं असं त्याला फार वाटत होतं. सासूने त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“घरमा ये,” म्हातारी सुनेला म्हणाली. “भाकर खाई ले.”

दिवालीबाई उठून आत गेली. मागोमाग म्हातारीही गेली, माणसं पांगली. अंगणात उभ्या असलेल्या पंडितला कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.