सत्त्याण्णवावा तुकडा

वेइयोचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "हिल्का, कॉफी राहू दे, आधी ये," एवढंच बोलला. वेइयो कॉफी राहू दे म्हणतो म्हणजे काहीतरी मरायला टेकलेलं असतं.

मी आणि वेइयो लोकांच्या नोंदी सांभाळतो. जागा जुन्या कागद गिरणीची. जिथे माझे बाबा चौतीस वर्षं यंत्रावर होते आणि काही वर्षं वेइयोही होता, तिथे आता हार्ड डिस्कच्या रांगा आहेत. पूर्वी प्रत्येक नोंदीच्या तीन पूर्ण प्रती तीन ठिकाणी ठेवायचो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच सूचनेवरून ते बदललं. आता नोंदीचे दहा तुकडे करायचे, त्यांच्यावरून हिशेबाने आणखी चार बनवायचे आणि चौदाही वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायचे. चौदातले कुठलेही दहा हाती असले की मूळ नोंद पुन्हा उभी राहते. जागा निम्म्याहून कमी लागते. चाराहून जास्त तुकडे एकदम जातील कशाला, असं मी बैठकीत म्हणाले होते.

मी पोहोचले तेव्हा तीन डिस्क गेलेल्या होत्या. एकाच खोक्यातून आलेल्या, दोन दिवसांत एकामागून एक.

"तीन गेल्या, म्हणजे अजून एकाची सवड आहे," मी म्हणाले.

"होती," वेइयो म्हणाला. "पुन्हा बांधायला घेतलं तर चौथ्या डिस्कवरचे तुकडे कुजलेले निघाले. कधीचे कुजलेत देव जाणे. कुणी बघितलंच नाही."

बघायचं काम वाचनफेरीचं. दर महिन्याला सगळे तुकडे नुसते वाचून ताडायचे, बाकी काही नाही. वीज खाते आणि डिस्क झिजतात म्हणून मी ती तीन महिन्यांवर नेली होती.

"तुझा बाप दर तासाला प्रत्येक बेअरिंगला तळहात लावून तापलंय का बघून यायचा," वेइयो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "साहेबांनी फेऱ्या कमी केल्या तरी जायचा. आणि लेक तीन महिन्यांनी."

त्याचं चुकलं नव्हतं.

एकशे बारा नोंदींचे आता नेमके दहा तुकडे उरले होते. त्यांतला एकेक तुकडा सत्तावीस नंबरच्या डिस्कवर होता आणि ती डिस्क दर वाचनाला अडखळत होती. वेइयो तिच्यावरचे तुकडे एकेक करून दुसरीकडे उतरवत होता. ती गेली की एकशे बाराही गेल्या. मी यादी उघडली. गावच्या वाचनालयाचं नाव सत्त्याण्णवाव्या ओळीवर होतं. पुढे संग्रहाचं नाव, त्यापुढे बाबांचं: ओइवा, यंत्रचालक, भाग चौथा.

बाबा ऑक्टोबरमध्ये गेले. त्याआधीच्या वसंतात वाचनालयाच्या केर्टूने गिरणीच्या आठवणी म्हणून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. लहानपणापासून विचारत आले तर दरवेळी नवी गोष्ट: कधी माशाने खाल्लं, कधी आईने सूपमध्ये घातलं. शेवटी दवाखान्यात म्हणाले, "केर्टूला खरं सांगितलंय. तिथे ऐक." मी ऐकलं नव्हतं. आवाज ऐकायची हिंमत होत नव्हती आणि घाईही नव्हती. सुरक्षित जागी आहे, असं मीच स्वतःला म्हणत होते. केर्टूनेही याच भरवशावर तिच्या यंत्रातलं पुसून टाकलं होतं. सगळ्यांना एक प्रत घरी ठेवा म्हणून सांगणारी मी, माझ्याकडे एकही नव्हती.

"आधी तो घ्यायचा का?" वेइयोने विचारलं. त्यानेही ओळ वाचली होती.

"सकाळी मधल्या ओळी सोडून लांब उडी मारून पाहिलीस ना?"

"दोनदा. दोन्हीदा डिस्क गोठली. दुसऱ्यांदा परत यायला अकरा मिनिटं लागली. ओळीने वाचलं तर चालतेय, म्हातारी कठडा धरून चालते तशी."

"आता कितीवर आहे?"

"एकतीस."

म्हणजे मी उडी मारली आणि ती गोठून परत आलीच नाही, तर मधल्या पासष्ट नोंदी जाणार. कुणाच्या ते स्क्रीनवर होतं. शाळेचे निकाल. तळ्याची पाणीपातळी. तालुक्याच्या दवाखान्याची छायाचित्रं, कुणाच्या तरी छातीची, कुणाच्या पोटातल्या बाळाची. माझं बोट कळीवर होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले.

"ओळीने चालू दे."

"नक्की?"

"बोलू नकोस, वेइयो."

दर तुकड्याला तीन-चार मिनिटं लागत होती. वेइयोने दुपारी राईचा पाव आणि चीज आणून ठेवलं. त्याचे कोपरे वाळून वर वळले. साठ झाले, सत्तर झाले. प्रत्येक आकडा पुढे सरकला की श्वास सुटायचा आणि लगेच पुढचा अडकायचा. ऐंशीवर डिस्कचा कटकट आवाज मला डिस्कच्या कपाटाच्या जाळीबाहेरून ऐकू येऊ लागला. शहाऐंशीला ती सात मिनिटं थांबली. मी मनातल्या मनात बाबांचा आवाज आठवून बघितला. "हिल्का" म्हणताना ते कसं म्हणायचे ते आठवेना, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंचाण्णव.

मग कटकट थांबली. वेइयोने वीज काढून पुन्हा दिली, थंड करून पाहिली, सगळं करून पाहिलं. चारला त्याने चष्मा काढला. "गेली गं."

बाबांच्या बोलण्याचे बाकीचे भाग दुसऱ्या डिस्कांवर शाबूत होते. त्या संध्याकाळी मी वाचनफेरी पुन्हा महिन्यावर आणली आणि सतरा जणांना पत्रं लिहिली: तुमची नोंद गेली, निर्णय माझा होता. सतरावं केर्टूला. मग ते उरलेले भाग कानाला लावून बसले.

तिसऱ्या भागाच्या शेवटी बाबा म्हणतात, "आता बोटाचं. ते पोरीला कधी सांगितलं नाही, कारण—" पाचव्याच्या सुरुवातीला म्हणतात, "—म्हणून हात लावूनच बघायचं. कॉफी आहे का अजून?" मध्ये नऊ मिनिटं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी केर्टूकडे गेले. चौथ्या भागात बाबा काय म्हणाले होते ते विचारलं.

"बोट वर धरलं होतं त्याने, असं," ती म्हणाली. "आणि हसला होता. काय सांगितलं ते... अगं, माझं लक्ष यंत्रावरच्या लाल दिव्याकडे होतं. नीट उतरतंय ना, एवढंच बघत होते."